मटण संपलं, मग पुढे काय?

आता ही फजिती कोणाला सांगू नये अशीच आहे. पण चहा समोर आला की माझ्या पोटात काही राहत नाही. ऐका.

मला एक खोड आहे. कोणी चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. वीज खात्यात जन्मभर लोकांचे मीटर तपासले, रिटायर झाल्यावर लोकच तपासायला लागलो! कोणी जोक सांगितला तरी आधी मी त्यातल्या चुका काढतो आणि मग उरलं तर हसतो.

म्हणून आमच्या मुलीला, पल्लवीला, पाहायला पाहुणे येणार होते त्या रविवारी तिने मला सकाळीच दम भरला.

"बाबा, आज कोणाचं काहीच दुरुस्त नका करू. मले मुलगा आवडला आहे."

"मी काहून करीन?"

"काहून करता, ते तुम्हालेच माहीत!"

दुपारी पाहुणे आले. मुलगा निखिल, त्याची आई आणि वडील. वडील म्हणजे ढोबळे साहेब. लकडगंजात लाकडाचा धंदा, सुताचाही फरक न चालणारा माणूस. आमच्या हिने, म्हणजे शोभाने, तर्रीपोहे पुढे ठेवले. मग वातावरण जरा हलकं करावं म्हणून निखिल म्हणाला, "काका, एक जोक सांगतो. एक माणूस सावजी खानावळीत गेला. म्हणाला, मटण आहे का? मालक म्हणाला, नाही, संपलं. मग तो माणूस घरी गेला."

मी कान देऊन बसलो. पुढे काही नाहीच! निखिल आपले पोहे खाऊ लागला. आणि पल्लवी? तोंडावर ओढणी धरून गदगदा हसत होती!

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही काका. काहीच होत नाही, हाच तर जोक आहे."

आता तुम्हीच सांगा, मीटर फिरतंय आणि बिल शून्य, हे मी कसं सोडू? पल्लवीने डोळे वटारले. मी पोह्यांचा घास घेतला आणि गिळला. प्रश्न काही गिळला जाईना.

"पण घरी काहून गेला? चिकन मागाचं ना!"

"बाबा!"

"अन् दुसरा सावजी नव्हता काय? नागपुरात राहून माणूस उपाशी घरी जाते म्हणजे काय?"

बोललो आणि जीभ चावली. गेलं स्थळ! पण ढोबळे साहेबांनी चमचा खाली ठेवला.

"तुमचं चुकून राहिलं साहेब. ज्याले मटण पाहिजे तो चिकन कशाले मागन? प्रश्न असा आहे, की मटण संपलं कसं? आमच्या लकडगंजातल्या सावजीकडे दुपारी कधीच संपत नाही."

"रविवारी संपते!"

"नाही संपत!"

"संपते म्हणतो ना!"

"अहो, पण तो माणूसच खरा नाही," निखिल हात जोडून म्हणाला. त्याचं कोण ऐकतो?

"पोहे थंडे होऊन राहिले," शोभा म्हणाली. तिचंही कोणी ऐकलं नाही. निखिलची आई पंख्याकडे बघत बसली होती.

"चला, पाहूनच येऊ," ढोबळे साहेब उठले.

आणि मी? अहो, मी चप्पल घातली! मुलीचा बाप आणि मुलाचा बाप, पाहण्याचा कार्यक्रम अर्धा टाकून, एका स्कूटरवर बसून, नसलेल्या माणसाचं मटण शोधायला निघाले!

रस्त्यातही आम्ही गप्प नव्हतो.

"तो पायी गेला असन काय?" मी मागून विचारलं.

"गाडीवर. पायी जाणारा माणूस भूक लागायच्या आधी निघते."

हे मात्र मला पटलं.

सावजीकडे पोचलो. ढोबळे साहेबांनी विचारलं, "मटण आहे काय गा?"

"नाही जी. संपलं."

मी मिशीतल्या मिशीत हसलो. ढोबळे साहेब म्हणाले, आज गिऱ्हाईक जास्त असन. आम्ही परत फिरलो.

दारातच निखिलने विचारलं, "काय झालं काका?"

"विचारलं. संपलं म्हणे. मग आलो घरी."

सगळे असे हसत सुटले की शोभाला भिंत धरावी लागली. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. यात हसण्यासारखं काय होतं, सांगा?

पाहुणे गेले, पण होय की नाही, एक शब्द बोलले नाहीत. पल्लवी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, गप्प बसा. बापाला तेवढंही जमू नये?

संध्याकाळी निखिलच्या आईचा फोन आला. शोभा आत जाऊन कितीतरी वेळ बोलत होती. मी दारापाशी येरझारा घालत होतो. शेवटी ती बाहेर आली.

"होकार आहे."

मी लगेच ताठ झालो. "पाहिलं? माझा मुद्दा पटला त्यायले!"

"कपाळ पटला! त्या म्हणे, आमच्या यांच्याशी इतका वेळ वाद घालणारा माणूस जन्मात पहिल्यांदा भेटला. दोघं स्कूटरवर गेले अन् घरात कसं शांत शांत वाटलं. असा सोयरा आम्ही सोडत नाही म्हणे."

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, पोरीची पाठवणी दिवाळीनंतर करू. यांची आजच करून टाकू!"