घरीच असते

"हात पुन्हा धुऊन या," फोनमधली बाई म्हणाली. तिसऱ्यांदा.

मी धुऊन आले. विमानतळावरच्या साहेबाने हातमोजा चढवला, माझं बोट धरलं आणि काचेवर दाबलं. मशीन लाल झालं. त्याने काच पुसली. माझ्या आधीच्या कुणानंतर त्याने काच पुसली नव्हती, मी रांगेतून पाहिलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून फोनवर दुभाषी बाई होती. आपलीच, शुद्ध बोलणारी. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला पुन्हा तिथेच जायचंय.

माझ्या बोटांवर रेषा नाहीत. नेवासा फाट्यावरच्या हॉटेलात बावीस वर्षं भांडी घासते. तारेची घासणी, सोडा, करपलेली पातेली. रेषा त्यातच गेल्या. मुंबईला व्हिसाच्या वेळी दाबून दाबून कसेबसे ठसे उठले होते. इथे ते जुळेनात.

एवढं सांगितलं असतं तर झालं असतं. पण तेच सांगायचं नव्हतं. नगरच्या एजंटाने फॉर्मवर कामाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं होतं. "मावशी, भांडी घासते म्हनून चुकून बी बोलू नका. तिकडं कामाला आली म्हनून हाकलून देतील. घरीच असते म्हना." लेकीनेही फोनवर तेच घोकून घेतलं. तिला नववा लागलेला, जावयाला सुट्टी मिळेना, तिथे दुसरं कुणी नाही. मी पोचले नाही तर ती एकटी बाळंत होणार होती. म्हणून ते खोटं मी पाठ केलं.

मला एका खोलीत नेलं. खिडकी नाही. मोबाईल काढून घेतला. बाहेर लेक पोट सावरत उभी असणार. आई आली की नाही, तेही तिला कुणी सांगणार नव्हतं. टेबलावर फोन ठेवला, त्यात ती बाई.

"काय काम करता?"

"घरीच असते."

"मग बोटांना काय झालं? ओळख लपवायला मुद्दाम घासलीत?"

खरं बोलले तर फॉर्म खोटा. खोटं बोलले तर बोटं खोटी. मी बोटं पदराखाली घेतली.

साहेबाने बॅग उपसली. झबली, दुपटी, डिंकाचे लाडू. एक लाडू मोडून हुंगला. मग दुपटं उचलून विचारलं, बाळाला कोण सांभाळणार?

"मीच की! आजी हाय मी."

तो भराभरा लिहायला लागला. फोनमधली म्हणाली, "बाळ सांभाळणं हे काम आहे. पगार किती ठरलाय?"

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगाची आग झाली. बावीस वर्षं केलं ते काम नाही, आणि लेकीचं बाळंतपण मात्र काम! वर ती बाई हळूच म्हणाली, "तुमच्यासारख्या बायका अशाच घुसतात. मग आमचं इथलं नाव खराब होतं." हे साहेबाने विचारलं नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं. साहेबाचा मला राग आला. तिची शिसारी आली.

मग इंग्रजी कागद पुढे आला. बाईने मजकूर सांगितला: कामासाठी आले होते, स्वखुशीने परत जाते. "सही करा, म्हणजे सुटाल."

मी उठून उभी राहिले. "बाई, आता शब्दाला शब्द सांगा त्यास्नी. मी हाटेलात भांडी घासते. बोटं त्यानं गेली. घरीच असते, हे खोटं हुतं. ती चूक माझी हाय. पन लेकीच्या बाळंतपनाचा पगार घ्यायला मी आले न्हाई. सही करनार न्हाई."

"एवढं सगळं सांगू?"

"समदं."

तिने सांगितलं. साहेबाने ऐकलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि संध्याकाळच्या विमानात मला परत बसवलं. लेक नजरेला पडली नाही. त्याच आठवड्यात नात झाली. टाके पडलेली लेक पाण्यासाठी स्वतःच उठत होती. ते ऐकून मी मोरीत बसून रडले. खरं बोलून मला काही मिळालं नाही, हेही सांगून टाकते.

परवा एजंटाकडे पुन्हा गेले. "मावशी, म्हैनाभर भांडी बंद करा, बोटांना मलम लावा. आपन परत गृहिणीच टाकू."

मी फॉर्म ओढून घेतला. त्याला एकेक अक्षर विचारत रकान्यात इंग्रजीत लिहिलं, हॉटेलात भांडी घासते.

"आता व्हिसा मिळायचा न्हाई," तो म्हणाला.

नाही मिळाला तर पुन्हा भरीन. नात चालायला लागेल, शाळेत जाईल, तोवर भरत राहीन. मला तिच्याकडे जायचंय. पण जाईन ती भांडी घासणारी बाई म्हणूनच.