रेडिओतले काका

माझ्या धाकट्या बहिणीला देव ठाऊक नव्हता, रेडिओतले काका ठाऊक होते. रविवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमात ते पेटी वाजवून गाणी म्हणायचे, मधेच कोंबडा व्हायचे, मधेच शिंकायचे आणि शेवटी विचारायचे, "माझी सोनी कुठंय?" हे ते अख्ख्या नागपूरच्या पोरींना विचारत असत, पण आमच्या पाच वर्षांच्या बाईसाहेबांना खात्री होती की प्रश्न आपल्यालाच आहे. त्या रेडिओच्या जाळीला गाल लावून ओरडायच्या, "मी इथं आहो, काका!"

आमचं घर विणकराचं. घरात दोन हातमाग, आणि गल्लीत दर घरी तेच. उजाडल्यापासून खटखट सुरू. अशा घरात कोणी कोणाला हाका मारत नाही. आईने हाताचा घास करून दाखवला की जेवायला यायचं, बाबांनी बोट गोल फिरवलं की सुताच्या कांड्या द्यायच्या. नव्या पाहुण्याला वाटायचं, आपण मुक्यांच्या घरी आलो की काय. रविवारी गाण्यापुरते तेवढे बाबा माग थांबवायचे, तेही या लाडोबासाठी.

एका वर्षी तिला छातीचा आजार झाला. डॉक्टरांनी सुया लावून दिल्या. रोज टोचून घेताना ती घर डोक्यावर घ्यायची. तिला झोप लागावी म्हणून रेडिओ बंदच ठेवला होता. हळूहळू ताप उतरला, गालांवर मांस आलं. घास दाखवला की ती जेवायला येऊ लागली, बोट फिरवलं की कांड्या पुढे करू लागली. सुया चालूच होत्या, पण पोरगी बरी झाली म्हणून आईने लकडगंजच्या आत्याकडे पेढेसुद्धा पाठवले.

मग एका रविवारी बाबांनी कौतुकाने माग थांबवला आणि रेडिओ लावला. काका अगदी रंगात आले होते. ती जाळीला गाल लावून बराच वेळ बसली. नंतर रेडिओला दोन थापडा मारल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, काका गाऊन काहून नाही राहिले वं? माह्यावर रुसले का?"

काका तेव्हा कोंबडा झाले होते. आईने तिच्या पाठीमागे जाऊन परात आपटली. आम्ही सगळे दचकलो. ती रेडिओकडेच पाहत राहिली.

डॉक्टर म्हणाले, या सुयांनी कधी कधी कान जातात. वर आम्हालाच विचारलं, "आधी काहून नाही आणलं? सुया तरी थांबवल्या असत्या." बाबा काय सांगणार, कपाळ? आमच्या घरात बहिरं माणूस ओळखूच येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला त्या मागाचा संताप आला, डॉक्टरचा आला, देव्हाऱ्यातल्या देवाचा तर फारच आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आईने मात्र खूळ धरलं. तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात. त्यांना बक्षिसं द्यायला सक्करदऱ्याच्या मैदानात काका स्वतः येणार होते. "त्यायचं गाणं कानात पडलं तं पोरीचे कान उघडतीन," आई म्हणाली. बाबाही तयार झाले. आशा वेडी म्हणतात, ती उगाच नाही. मी रेडिओ दाखवून, बोटांनी चालत येणारा माणूस करून बहिणीला समजावलं. ती त्या दिवशी न सांगता वेणीला बसली.

काका बुटके निघाले, घामेजलेले, मोठ्या मिशांचे. माणूस भला होता. बाबांनी हात जोडल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि गाऊ लागले. "माझी सोनी कुठंय?" तेही विचारलं. ती खुदकन हसली.

"ऐकू आलं! माह्या लेकीले ऐकू आलं!" आई ओरडली. मैदानातल्या बाया डोळे पुसू लागल्या. मला दिसत होतं, मिशांनी तिच्या कानाला गुदगुल्या होत होत्या.

गाणं संपायच्या आत ती मांडीवरून उतरली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, काका केव्हा येतीन वं?"

मी बोट दाखवलं: हेच. तिने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. त्यांचं तोंड तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिचे काका म्हणजे नुसता आवाज होता.

"हे नोहे," ती म्हणाली. "हे तं कोणी दुसरेच हायेत."

आणि ती मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. बक्षिसं वाटून झाली, काका रिक्षात बसले. रिक्षा फाटकाशी आली तेव्हा ती बाजूला सरकली, तिने रिक्षाला वाट दिली, आणि पुन्हा मधोमध येऊन रस्त्याकडे पाहू लागली.