उघडता येईल तेच आपलं

कोराडीच्या कॉलनीतले आमचे शेजारी दुकानात कोणतीही वस्तू आधी उलटी करून पाहत. खाली स्क्रू दिसले तरच घेत. "जे उघडत नाही, ते आपलं कसं गा?" असं आमच्या ह्यांना विचारत.

आम्ही टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, तो पक्का बंद, एकही स्क्रू नसलेला. त्यांनी मुद्दाम उघडता येणारा घेतला, आणि तो कायम टेबलावर उघडाच पडलेला. त्यांची बायको रोज आमच्याकडे खेळायला येई. "आमचा ते सुधरवूनच राहिले वं," एवढंच म्हणे.

एकदा तिला बोलवायला ते आले. सवयीने पेचकस काढून आमच्या गेमच्या डब्याकडे वाकले.

"हात नका लावू," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "माझा डाव चालून राहिला."

पेचकस खिशात ठेवून ते दाराशी बसले, पाहुण्यासारखे.