वाच, मग दाब

फिनलंडमधल्या केमी गावच्या वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी सकाळी दहाला संगणक क्लबचं कॉफीचं भांडं चढायचं, आणि ते चढवायचा मान सिर्का तोलोनेनचा. बाई एकाहत्तर वर्षांची. कागद गिरणीत वीजतंत्री म्हणून जन्म काढलेली, त्यामुळे आवाज अजून गिरणीतलाच. शहाण्णव साली गिरणीनं भंगारात काढलेले चार संगणक तिनं बर्फावरच्या घसरगाडीवर बांधून इथं आणले होते. तेव्हा लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकट प्रणाली, अठरा फ्लॉप्यांवर मावायचं, आणि सतरावी हटकून खराब निघायची. मग क्लबातला तायस्तो हिएताला तीच घसरगाडी घेऊन तंत्रशाळेत जायचा आणि नवी नक्कल करून आणायचा. कुणाची परवानगी मागायला लागायची नाही. लिहिणाऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं: घ्या, उघडून बघा, बदला, पुढे द्या.

नव्या माणसाला सिर्का गिरणीच्याच भाषेत शिकवायची. "लिनक्सचा गाभा म्हणजे आपला बॉयलर. तो नसेल तर काहीच हलत नाही, पण नुसत्या बॉयलरमधून कागद निघत नाही. कागद काढणारी यंत्रं म्हणजे हे बाकीचे प्रोग्रॅम. आणि हुकमाची ओळ लिहायची ही काळी खिडकी म्हणजे मुकादम. सांगशील ते करेल, शहाणपणाचं सांगतोयस की मूर्खपणाचं ते विचारणार नाही."

शेवटचं वाक्य म्हणताना ती तायस्तोकडे बघायची. अठ्ठ्याण्णवमध्ये त्यानं डिस्कच्या नावातलं एक अक्षर चुकवून क्लबचा मुख्य संगणक कोरा केला होता. सिर्का सगळ्यांदेखत त्याच्यावर अशी कडाडली, की तो नऊ वर्षं तळघराची पायरी चढला-उतरला नाही. त्याच आठवड्यात तिनं भिंतीवर नियम चिकटवला, गिरणीतला मोठा खटका ओढण्याआधीचा: एकानं ओळ वाचायची, दुसऱ्यानं ती परत म्हणायची, मगच कळ दाबायची. नियम सगळ्यांना होता. सिर्काची ओळ मात्र आजवर कुणी वाचली नव्हती. तिला कोण सांगणार?

या मार्चमधल्या एका शनिवारी हिल्का रुओकामो आली. शहराची बस चालवून निवृत्त झालेली. काखेत लॅपटॉप, पिशवीत वेलदोड्याचे पाव आणि टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क.

"कंपनी म्हणते, हे यंत्र आता बाद. नवीन घ्या."

"म्हणेलच! त्यांच्या बापाचं काय जातंय?" सिर्का उसळली. "लिनक्स घालून दहा वर्षं आणखी चालवून दाखवते तुला. आणि डिस्कवर काय आहे?"

"नवरा होता ना माझा, एइनो, त्याचा अकॉर्डियन. त्रेचाळीस गाणी. स्वयंपाकघरात बसून वाजवायचा ना, तेव्हाची. दुसरीकडे कुठंच नाहीत. नव्या लॅपटॉपात... म्हणजे याच जुन्यात गं, घालून देशील?"

"ठेव इथं."

सिर्कानं डिस्क आपल्या संगणकाला जोडली, शेजारी, जिच्यावर लिनक्स उतरवायचं ती यूएसबी कांडी खोचली. कंपन्यांचा उद्धार चालूच होता. तोंड एकीकडे, बोटं एकीकडे. मुख्य परवानगीचा पासवर्ड घातला, ओळ लिहिली आणि कळ दाबली.

कोपऱ्यातून तायस्तो हळूच म्हणाला, "सिर्का, कांडीचा दिवा लागला नाही."

टॉवेलावरची डिस्क मात्र घुमायला लागली होती.

सिर्कानं झटक्यात काम थांबवलं. पडद्यावर बघितलं. डिस्कच्या नावात सी लिहायच्या जागी बी. एइनोच्या गाण्यांवर ती लिनक्स ओतत होती.

"काय झालं गं?" हिल्कानं विचारलं.

केबल ढिली होती म्हणता आलं असतं. डिस्कच जुनी होती म्हणता आलं असतं, आणि हिल्कानं ऐकूनही घेतलं असतं. सिर्का खुर्चीसकट हिल्काकडे वळली.

"मी चुकले. डिस्कची सुरुवात पुसली मी. भिंतीवरचा नियम माझा, आणि मीच तो पाळला नाही." मग मान न वळवता म्हणाली, "तायस्तो, तुला तेव्हा मी जे बोलले, ते आज मला बोल."

"बोलायला सवड नाही," तायस्तो खुर्ची ओढत म्हणाला. "आता या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. आधी आख्खीची नक्कल, मग शोध नकलेवर. चल, लिही. मी वाचतो."

हिल्कानं पाव कापले, पण कुणाच्या पुढ्यात ठेवले नाहीत.

नकलेला दुपार गेली. पुढच्या शनिवारी त्यांनी हरवलेल्या फायली हुडकणारा प्रोग्रॅम लावला. तोही कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळा सोडलेला. एकोणचाळीस फायली सापडल्या. चार गाणी गेली ती गेलीच. सापडलेल्यांची नावंही पुसली होती, उरले होते नुसते आकडे.

मग हिल्का स्पीकरला कान लावून बसली. सिर्का लिहायला, तायस्तो शेजारी. "हा वॉल्ट्झ, आमच्या लग्नातला... हा टँगो, यात तो कायम मधेच चुकायचा, ऐक, चुकला बघ!" हसता हसता तिचे डोळे भरून यायचे, आणि सिर्का उगाच चष्मा पुसत बसायची. तिला क्लबचे पहिले दिवस आठवत होते: ओले बूट, फ्लॉप्यांचा ढीग, आणि सतरावीसाठी न कुरकुरता निघालेला तायस्तो.

शेवटच्या फायलीत गाणं नव्हतंच. एक खोकला, खुर्चीची करकर, आणि एइनोचा आवाज: "हिल्का, दार लाव गं, अकॉर्डियनचे सूर गारठतायत."

हिल्कानं ती फाईल पुन्हा एकदा लावली. मग तिनं आज आणलेल्या पावांची ताटली सिर्कापुढे सरकवली.

"याला नाव काय देऊ?" सिर्कानं विचारलं.

"दार लाव."

सिर्कानं टाइप केलं. बोट कळेवर नेलं आणि तिथंच थांबवलं.

"तायस्तो," ती म्हणाली, "वाच."