उत्तराआधीची लवंगलता

अन्याय झाला तो माझ्या आत्येबहिणीवर, ताईवर. यंदाच्या वसंतपंचमीला, सकाळी, पाहुण्यांचे चहाचे कप अजून भरलेले असताना. बनारसच्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, आत्याच्या घरी. मी समोरच बसले होते.

आमच्या घरात स्थळ जमलं की मुलीचं तोंड गोड करतात. पेढ्याने नाही, बनारसी लवंगलतेने. आत खवा, पाकात मुरवलेली, वर लवंग खोचलेली, चांगली मुठीएवढी. आत्याने विचारलं, "काय गं, पसंत ना?" आणि ताईने बोलायला तोंड उघडताच अख्खी लवंगलता आत. टाळ्या! झाला होकार!

गल्लोगल्ली बाईच्या संमतीची पत्रकं वाटणारी मी, भडकलेच. "अगं आत्या, तिला बोलू तर दे!"

"तू गप. तुझं भाषण घाटावर."

ताई मात्र निवांत चावत राहिली. लवंग काढून बशीत ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हं. आता विचार."

"आता काय विचारायचं?"

"मघाशी विचारलंस तेच. मी ह्यांना ओळखतच नाही, हो कशाला म्हणू?"

पहिल्यांदा हसला तो मुलगाच. नागपूरहून बदली होऊन आलेला, बँकेतला. "बरं झालं. मलाही कोणी विचारलं नव्हतं. जरा खाली घाटावर चालायचं?"

आत्याने पहाऱ्याला मला धाडलं. पायऱ्या निसरड्या होत्या. त्याने ताईला विचारलं, "हात धरू?"

"नको."

त्याने हात खिशात घातला आणि बँकेतल्या साहेबांची नक्कल पुढे चालू ठेवली. रुसवा नाही, टोमणा नाही. एवढीशी गोष्ट! आणि तेवढ्यासाठी आम्ही चौकाचौकांत घसा फोडतो.

घरी आल्यावर ताईने सांगून टाकलं, "आम्ही भेटत राहू. आवडला तर लग्न. आणि लग्नानंतरही मला हात लावायचा तो माझ्या मर्जीने."

"शिव शिव! नवऱ्यानेसुद्धा?"

"नवऱ्याने तर आधी विचारायचं."

आतोबांना हसता हसता ठसका लागला. आत्या त्यांच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःच हसायला लागली.

होळीनंतर एका संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर ताईनेच त्याला विचारलं, "हात धरू?"

तो लाजून लाल. "अरे, इसमें पूछना क्या!"

"पूछना तो पड़ेगा," ताई म्हणाली. तो मान डोलावून "हो, हो" म्हणाला, तेव्हा कुठे तिने हात धरला. मी तर उड्याच मारल्या.

आपल्या कायद्यात नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती आजही बलात्कार ठरत नाही. लग्न लागलं म्हणजे शरीर दिलंच, असं धरून चालतात. कोणी दिलं? तिला विचारलं कोणी? कायदा बदलावा म्हणून आम्ही भांडतोच आहोत. तुम्ही त्याची वाट बघू नका. आजपासून आपल्या माणसाला हात लावण्याआधी विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि "नको" आलं, तर तोंड पाडून बसू नका.