थोरला किवी, धाकटा किवी

आमच्या ऑफिसात मागितलेली फाइल कधी सापडत नाही. किस्से मात्र न शोधता सापडतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटीला धरून चार बाहेर येतात. आणि निम्म्यांत वेंधळेपणा माझाच असतो!

ऑफिस कॉलेज रोडला, दोन खोल्यांचं. लहान मुलांची पुस्तकं मराठीत आणायची. भाषांतर माझं, चित्रं सुरगाण्याच्या भोयेंची, पानं लावायला शबाना आणि घाई करायला सर. यंदा पुस्तक पक्ष्यांचं, आणि शबानाला आठवा महिना. बाळंतपणानंतर ती परत येणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. तिला यायचं होतं. आम्हालाही ती हवी होती, कारण तो कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. पण नवरा इरफान ओझरच्या कारखान्यात, शिफ्टमध्ये. त्याचं एकच, "मग बाळाला कोण बघणार?" सासूबाई तर हो नाही, की नाही नाही!

*

सरांनी भोयेंना फोनवर सांगितलं, "दोन किवी काढा. एक मोठा, एक लहान."

भोयेंनी दोन फळं काढली. अगदी लव-बिव दाखवून.

"अहो, पक्षी! न्यूझीलंडचा पक्षी! चोच लावा, पाय लावा!"

भोयेंनी त्याच फळांना चोच लावली, पाय लावले.

मग खरा फोटो आला. चित्रात काहीच बदलावं लागलं नाही.

*

नावांचा घोळ माझा. दोन्ही किवी ठिपकेदार, पण जाती वेगळ्या. मी 'मोठा' आणि 'छोटा' लिहिलं.

सर म्हणाले, "छोटा म्हटलं की मुलांना पिल्लू वाटेल. मॅडम, नातं दिसू द्या."

मी 'थोरला' आणि 'धाकटा' केलं. सर खूश. मी तर फारच खूश.

भोयेंनी दोन्ही नावांवर बोट ठेवलं. "मॅडम, मधला वारला का?"

*

पुढे मी लिहिलं, "हे दोघेही निशाचर." शब्द भारदस्त वाटला.

चित्र आलं, तर दोघांचे डोळे लाल आणि चोचीतून सुळे बाहेर!

"भोये, हे काय?"

"तुम्हीच लिहिलंय. निशाचर म्हणजे राक्षस ना?"

मी गुपचूप खोडून 'रात्री हिंडणारे' केलं.

भोये म्हणाले, "आमच्याकडं रात्री हिंडतो त्याला बिबट्या म्हणतात."

*

फॉन्ट बदलताना एक अक्षर गळालं. 'उडता न येणारे पक्षी'चे झाले 'उडता येणारे पक्षी'. सर ओरडत बाहेर आले, "शबाना, 'न' उडाला!"

शबानानं मान वर न करता सांगितलं, "चला सर, कुणाला तरी उडता आलं."

सर हसले. मग म्हणाले, "ही गेली, तर असले उडालेले 'न' परत कोण बसवणार?"

*

शेवटचं पान तुलनेचं. थोरला थंड डोंगरात, धाकटा बेटांवर. अंडं दोघांचंही अंगाच्या मानानं अवाढव्य. थोरल्यांत नर-मादी आळीपाळीनं उबवतात. धाकट्यांत नर एकटाच बसतो, दोन महिन्यांहून जास्त.

मी हे घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. पेपरमागून उत्तर आलं, "नुसतं बसायचंच असेल, तर माझी काही हरकत नाही."

शबानानं तेच पान तपासायला म्हणून घरी नेलं. सकाळी आणून टेबलावर ठेवलं. धाकट्याच्या ओळीपुढे पेन्सिलनं लिहिलेलं, "साप्ताहिक सुट्टी कधी?"

"इरफानचं अक्षर," शबाना म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला. "हा नकार आहे, की चौकशी?"

"खाली बघा ना, सर."

खाली उर्दूत एक ओळ होती. शबाना सोडली, तर कुणालाच वाचता येईना.

"हे कुणाचं?"

"सासूबाईंचं."

"अगं, मग वाच की!"

शबानानं पान हातात घेतलं, पदर सारखा केल्यासारखं केलं आणि थेट सासूबाईंच्या आवाजात वाचलं, "इतवार को मैं बैठूंगी. तू पैले अंडा पकडना तो सीख!"