रिव्हर्समध्ये चढलेला चढ

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हणता येणार नाही. मी त्याच्याशी अबोला धरला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिनेसोटात, ईडन प्रेरीजवळ, आम्ही दोघंच राहत होतो. हे इंजिनियर, मी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये. जानेवारीतल्या एका सकाळी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना हे कोसळले. हार्ट अटॅक. आजूबाजूला शेकडो गाड्या उभ्या होत्या, पण वीस मिनिटं तिकडे एकही माणूस फिरकला नाही. मरण कुणाला चुकलंय? मला राग होता तो त्या वीस मिनिटांचा. इतकी वर्षं दर गुरुवारी दत्ताची आरती केली आणि त्याला एक माणूस पाठवता आला नाही? दिवस झाल्यावर मी तसबीर कपाटात ठेवली आणि तिच्यावर टॉवेल रचले.

यांच्या मागे राहिली ती गाडी. दोन दारांची, ठेंगणी, लालभडक स्पोर्ट्स कूप. चाळिशी उलटल्यावर यांना ही हौस सुचली, तेव्हा मी "आता केसही वाढवा" म्हणून चिडवलं होतं. मला तर तेव्हा ड्रायव्हिंगसुद्धा येत नव्हतं. नंतर शिकले आणि हीच गाडी चालवायला लागले. बर्फाच्या प्रदेशात ही खेळण्यासारखी गाडी कशाला, विकून टाका, असं सगळे सांगत. मी ऐकत नसे. यांच्या मित्रांनी दुसरा सल्ला दिला, "वहिनी, मागे ट्रंकमध्ये, डिकीत, वजन टाका. वाळूची पोती मिळतात. मागची चाकं स्लिप होत नाहीत." वाळू विकत आणायचं माझ्या जिवावर आलं. घरात तांदूळ पडून होता. वर्षाचं धान्य एकदम भरायची यांची सवय अमेरिकेत येऊनही गेली नव्हती. दर ऑक्टोबरात शिकागोला जाऊन वीस-वीस पौंडांच्या पाच पिशव्या आणायचे. त्या वर्षीच्या पाचही तशाच होत्या. मी एकटी कितीसा भात खाणार? पाचही पिशव्या ट्रंकमध्ये गेल्या.

एकटेपणाबद्दल फार लिहीत नाही. लॅबमध्ये दिवसभर इंग्रजी, घरी आल्यावर काहीच नाही. आमच्यातली जोडपी पहिले चार महिने बोलवत होती, मग त्यांनाही अवघड व्हायला लागलं असावं. जेवणाच्या टेबलावर विषम आकडा बरा दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरात शिरले की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा दुकानातल्या बाईशी बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला. फोन यायचा तो फक्त मावशींचा. यांचा मित्र विनायक, त्याची आई. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या, सत्तरीच्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, "काय खाल्लंस गं?" मी रोज खोटं सांगत असे.

यांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आदल्या दिवशी बर्फ पडला, पहाटे त्यावर पाऊस झाला आणि तो पडल्या पडल्या गोठला. सुट्टीचा दिवस होता. दहाच्या सुमारास मावशींचा फोन आला. विनायक आणि त्याची बायको न्यू जर्सीला लग्नाला गेलेले, विमानं बंद म्हणून तिकडेच अडकलेले. "अगं, घर गारठलंय. खालचं ते हीटिंगचं धूड रात्रीच बंद पडलंय. पण तू नको काळजी करू. विनूची ती कोळशाची शेगडी आहे ना, बार्बेक्यूची, ती आत ओढून आणलीये. खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबलेत. आता पेटवते आणि बसते शेकत."

बंद खोलीत कोळसा पेटला तर विषारी वायू साठतो आणि माणूस झोपेतच जातं, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या मला पक्कं ठाऊक होतं. साताऱ्याच्या कौलांतून, दारा-खिडक्यांतून धूर वाट काढतो. इथल्या घरांना फटी जवळजवळ नसतातच, होत्या त्याही मावशींनी बुजवल्या होत्या. मी ओरडले, "मावशी, पेटवू नका!" पण फोनमध्ये नुसती खरखर झाली आणि लाइन मेली. पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागेना. मग पोलिसांना केला. सगळ्या गाड्या अपघातांवर गेल्यात, मोकळी होईल तशी पाठवतो, पण किती वेळ लागेल सांगता येत नाही, असं फोनवरची मुलगी म्हणाली. मी कोट चढवला आणि निघाले.

आठ मैलांना पाऊण तास लागला. पहिल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जात राहिली, जणू तिचा माझा काही संबंध नाही. शेवटचा चढ आला तेव्हा वेग घेऊनच तो चढावा असं ठरवलं. अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. घाबरून मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला. त्यासरशी मागची बाजू तांदळाच्या वजनानिशी फिरली, गाडीनं अर्धी गिरकी घेतली आणि तोंड उताराकडे करून घसरत आली ती थेट पायथ्याशी, रस्त्याकडेच्या एका घराच्या टपालपेटीला खेटून थांबली. मला काही लागलं नव्हतं. मावशींचं घर चढ संपल्यावर अजून दीड मैल होतं आणि त्या रस्त्यावर पायी उभंही राहता येत नव्हतं. एकदा उतरून पाहिलं, तशीच आडवी झाले.

आत येऊन बसले आणि तोंड उघडलं. वर्षभरानंतर. ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. "यांच्या वेळी नाही आलास," मी मोठ्यानं म्हटलं, "आता या म्हातारीलाही तसंच नेणार आहेस का? माझ्यानं होत नाही. तूच बघ." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. पुढं काय करायचं याचा एकही विचार डोक्यात उरला नव्हता.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक वृद्ध गोरी बाई होती, अंगात पुरुषाचा ढगळ कोट, हाताला नारिंगी मोजे, बुटांना खिळे. मी कसंबसं सांगितलं : वर घर, कोळसा, एकटी म्हातारी. तिनं ना धीर दिला, ना प्रश्न विचारले. गाडीभोवती एक चक्कर मारली, ट्रंक उघडायला लावली आणि पिशव्या पाहून कपाळाला हात लावला. "हनी, तुझी गाडी पुढच्या चाकांनी चालते. तू वजन मागं टाकून तीच हलकी केलीस!" मग रस्त्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं, तोंड खालीच आहे. चढावर भार खालच्या बाजूला येतो, म्हणजे तुझ्या चालत्या चाकांवर. रिव्हर्समध्ये चढ." जो अपघात म्हणून मी रडत होते, त्यानं गाडी हव्या त्या दिशेला वळवून ठेवली होती.

आम्ही दोघींनी तांदूळ पुढच्या सीटवर आणि सीटखाली हलवला. तिनं घरातून लाकडं जाळायच्या शेगडीतली राख बादलीभर आणली आणि चाकांपुढे-मागे मुठीनं पसरली. राखेच्या बोटांनी तिनं बट सारली, कपाळावर राख लागली, तेव्हा मला आमच्या घरचा गुरुवारचा अंगारा आठवला. का, ते माहीत नाही. मग ती चढावर, गाडीच्या मागे, राख टाकत चालू लागली. मला सांगितलं, अ‍ॅक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा दाब, आणि माझ्या हाताकडे बघ, बाकी कुठंही बघू नकोस. मी मान वळवून मागच्या काचेतून फक्त तो नारिंगी हात पाहत राहिले. डावीकडे म्हणाला की डावीकडे, थांब म्हणाला की थांब. गाडीचं तोंड सबंध वेळ उताराकडे होतं आणि ती वर चालली होती. भीती कुठं गेली कळलं नाही.

वर पोचल्यावर मी आभार मानायला लागले तर तिनं हात झटकले. मग म्हणाली, "गंमत बघ. आज सुट्टी, टपाल येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी बूट घालून पेटी बघायला बाहेर आले. जा, पळ."

वरच्या सपाट रस्त्यावर गाडी वळवून विनायकच्या घरी पोचले, तर पुढचं दार बंद होतं. मागे गेले. शेगडी आत ओढून घेतल्यावर ते दार मावशींना धड लावता आलं नव्हतं, बोटभर फट राहिली होती. स्वयंपाकघरात कोळसे लाल झाले होते आणि मावशी शेजारी खुर्चीत, शाल गुंडाळून, मान टाकून बसल्या होत्या. हाका मारल्या तर हूं की चूं नाही. काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं, मागच्या पायरीवर मांडीवर घेतलं, गाल चोळले. केवढा तरी वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले, उलटी केली आणि पुटपुटल्या, "डोकं फार दुखतंय गं. फोन तुटला तेव्हाच वाटलं, तू येशील. वाट बघता बघता डोळा लागला." पुढे पोलिसांच्या गाडीनं इस्पितळात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, त्या फटीनं वेळ दिला, पण आणखी वीस मिनिटं गेली असती तर उपयोग नव्हता.

वीस मिनिटं. ते ऐकून मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसले.

पाहुणी म्हणून आलेल्या मावशी उन्हाळ्यात साताऱ्याला परतल्या आणि पुढं बरीच वर्षं जगल्या. हा चमत्कार होता असं मी कुणाला सांगत नाही. बाई शेजारची होती, राख शेगडीतली होती, भार कुठं पडतो हे कोणत्याही इंजिनियरला कळतं. यांच्यासाठी त्या सकाळी कुणी का आलं नाही, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण टॉवेलांखालची तसबीर मी बाहेर काढली आहे, आता ते दत्तापुढे बसून विचारते. आणि विचारताना एक गोष्ट आठवते. त्यानं माणूस पाठवला नाही म्हणून मी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला. मावशी त्या खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या तेव्हा त्यानं पाठवलेलं माणूस मी होते.